शेवटपर्यंत बघा

३ जुलै

बावीस सेकंद. चार दिवस राबून केलेला व्हिडिओ लोक बावीस सेकंद बघतात!

शिष्यवृत्तीचा अर्ज कसा भरायचा — आठ मिनिटांचा व्हिडिओ. लोक तो किती वेळ बघतात त्याचा ग्राफ आज पहिल्यांदा नीट उघडून पाहिला. रेघ शंभरावर सुरू होते, म्हणजे शंभर जणी बसल्या. बाविसाव्या सेकंदाला ती विहिरीत बादली सोडावी तशी खाली जाते. मग शेवटपर्यंत जमिनीला चिकटून. आठव्या मिनिटाला शंभरातल्या सहा उरतात. त्यातलीही एखादी मीच असणार, कारण मीच तो पुन्हा पुन्हा लावून पाहिला होता.

बाविसाव्या सेकंदाला मी काय म्हणते ते ऐकलं. आधी शेवटची तारीख सांगते, मग चार कागदांची नावं, आणि मग — "नमस्कार, मी संघमित्रा, धरणगावहून." तिथेच रेघ पडते. माझं नाव आलं की लोक उठतात.

हे कोणाला सांगू? माय समोर डाळ निवडत होती. "काय व्हयनं?" म्हणाली. काही नाही म्हटलं.

४ जुलै

आवाज की चेहरा की नाव? कॉलेजला जळगावला होते तेव्हा बोलता बोलता तोंडातून 'शे' निघून जायचं, आणि मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच 'आहे' म्हणायचं. तीन वर्षं ते ऐकून बोलणं घासून घासून साफ केलं. आता या रेघेत तोच मागचा बाक दिसतो.

मी कशासाठी सुरू केलं होतं हे? घरात पहिली पदवी माझी. निकाल लागला त्या दिवसापासून गल्लीतले सगळे अर्ज आमच्या ओट्यावर यायला लागले. उत्पन्नाचा दाखला, निराधारचा अर्ज, शाळेचं हमीपत्र. वाटलं, एका गल्लीत एक मी आहे, ज्या गल्लीत कोणीच नाही तिथल्या मुलींनी काय करायचं? म्हणून 'सोपा अर्ज' हे चॅनल. फोनचं स्टँड नाही, गव्हाच्या डब्यावर वीट, विटेवर फोन.

आणि त्या मुलींना मी बावीस सेकंद पुरते.

६ जुलै, रविवार

धुळ्याहून आत्ताच आले. एरंडोलला बस बदलून. पाय दुखताहेत, पण लिहायचं ते दुसरंच.

देवपुरात एका क्लासच्या हॉलमध्ये ललित सरांची कार्यशाळा होती — लोक व्हिडिओ सोडून का जातात, आणि त्यांना थांबवायचं कसं. तीसेक जण. एक शेवभाजी करणारा, एक ट्रॅक्टरची माहिती देणारा, दोघं विनोदी व्हिडिओवाले. मुली तिघीच. सर म्हणाले, कोणाचा ग्राफ भिंतीवर लावू?  मी हात वर केला. का केला? प्रामाणिक विद्यार्थिनी ना मी, कायम पहिल्या बाकावरची.

माझी रेघ अख्ख्या भिंतीवर आली. ट्रॅक्टरवाला म्हणाला, "अरे, ही तर नगरपालिकेच्या बागेतली घसरगुंडी." सगळे हसले. मीही हसले. हसताना कान गरम झाले होते.

ललित सर हसले नाहीत. ते वाईट माणूस नाहीत, हे इथे लिहून ठेवते. म्हणाले, "ताई, तू पहिल्या घासालाच अख्खं ताट वाढून मोकळी होतेस. पाहुणा हात धुऊन निघणारच ना." मग विचारलं, "लग्नात मेहुण्या नवरदेवाचे बूट का लपवतात? तो बसून राहावा म्हणून. उत्तर म्हणजे बूट. बूट लपव. सुरुवातीला नुसतं सांग की बूट माझ्याकडे आहेत, आणि परत दे शेवटी."

मग बराच वेळ समजावत बसले. किती जणांनी उघडलं यापेक्षा किती मिनिटं बसले ते मोठं. जितकी मिनिटं बसतील तितका व्हिडिओ आणखी लोकांपुढे आपोआप जातो. पहिल्या तीस सेकंदांत भीती घाल किंवा उत्सुकता लाव, पण उत्तर देऊ नको. मध्ये दर दोन मिनिटांनी 'पुढे सांगते' म्हण. कॉमेंटमध्ये कोणी उत्तर विचारलं तर तिथे देऊ नको, त्यांना परत व्हिडिओवर पाठव.

निघताना चहा पाजला. म्हणाले, "तुझं मन चांगलं आहे, रेघ वाईट आहे. रेघ सुधारली तर मन पोचेल."

बसमध्ये ते वाक्य पुन्हा पुन्हा मनात येत होतं. खरं वाटलं. अजूनही वाटतं.

७ जुलै

पण बूट नवरदेवाचेच असतात ना.

९ जुलै

स्वतःशी खूप भांडले. मास्तरसुद्धा महत्त्वाचा धडा तासाच्या शेवटी घेतात. कीर्तन असो की भाषण, मुद्दा मागेच असतो. फसवणूक कशी? मी खोटं कुठे सांगणार आहे? फक्त क्रम बदलायचा. आणि क्रम बदलून हजाराच्या जागी दहा हजार मुलींपर्यंत गेले तर वाईट काय?

इतकी कारणं लागली म्हणजे मनात काहीतरी होतंच. असो.

१४ जुलै

वसतिगृहाच्या अर्जाचा व्हिडिओ केला. मुलींना जळगावला शिकायचं तर हाच अर्ज. त्यातली मेख मला माहीत आहे, कारण माझ्या वेळी मीच तिच्यात अडकता अडकता वाचले होते — ऑनलाईन 'सबमिट' दाबून काम संपत नाही. त्याची प्रिंट काढून, सही करून तीन दिवसांत वसतिगृहावर हातोहात द्यायची. नाहीतर अर्ज रद्द. पडद्यावर मात्र हिरवी खूण येते आणि 'यशस्वी' लिहून येतं. मुलगी निवांत होते.

पहिल्यांदा केला तेव्हा पहिलंच वाक्य हे होतं: "सबमिट करून थांबू नका, तीन दिवसांत प्रिंट वसतिगृहावर द्या." ऐकून पाहिला. सावकाश बोलले तरी नऊ सेकंद. मग स्वतःच म्हटलं, नवव्या सेकंदाला सगळ्या जाणार.

दुसऱ्यांदा केला. सुरुवात: "या अर्जात बहुतेक मुली एक चूक करतात आणि वर्ष गमावतात. कोणती? व्हिडिओ शेवटपर्यंत बघा." फोटो किती केबीचा, सही कुठे, नाव आधारसारखं कसं, सगळं सावकाश. प्रिंटचं अकराव्या मिनिटाला.

माय चुलीपाशी बसून ऐकत होती. म्हणाली, "दोन शब्दस्नं काम शे. इतलं दळण कसाले?"

म्हटलं, तुला नाही कळणार. पदवी घेतलेल्या मुलीने आईला म्हणायचं वाक्य. पहिल्यांदाच म्हटलं मी ते. मायने चूल फुंकली.

१७ जुलै

अठ्ठावीस हजार! तीन दिवसांत!

अर्ध्याच्या आसपास मुली दहाव्या मिनिटाला अजून बसलेल्या असतात. रेघ पडतच नाही, शेतातल्या बांधासारखी आडवी जाते. ललित सरांना फोटो पाठवला. "बघ, बूट लपवले की बसतात," असं उत्तर आलं, वर हसरा चेहरा. दिवसभर दर पाच मिनिटांनी उघडून बघते आहे. जेवताना आबांनी फोन हातातून काढून घेतला.

१८ जुलै

कॉमेंटमध्ये एका मुलीने विचारलंय. प्राची नाव. माझ्या आधीच्या सगळ्या व्हिडिओंखालीही ती असतेच, 'छान ताई', 'समजलं ताई'. आज: "ताई फॉर्म काल सबमिट झाला. यशस्वी आलं. आता अजून काही करायचं असतं का?"

मी 'हो, प्रिंट' एवढं लिहिलं. मग खोडलं. इथे उत्तर दिलं तर खाली येणारी प्रत्येक मुलगी ते वाचून निघून जाईल. लिहिलं — "सगळं सांगितलं आहे, व्हिडिओ शेवटपर्यंत बघ." बदामाची खूण पण दिली, म्हणजे तिला बरं वाटेल.

बघेलच ती. गुणी मुलगी दिसते.

१९ जुलै

एकावन्न हजार.

२७ जुलै

आबांनी कापसाच्या जिनिंगमध्ये पेढे वाटले. तिथे ते गाठी बांधायच्या यंत्रावर असतात. मुकादमाच्या फोनवर सगळ्यांनी माझा व्हिडिओ पाहिला म्हणे, मशीन बंद असताना. घरी आल्यावर आबा म्हणाले, "मुकादम बोलना, आधारभाऊ, तुनी पोर मास्तरीण व्हयनी." डोळे भरले होते त्यांचे.

मी पेढा खाल्ला. गोड लागला, हे खरं लिहिते.

४ ऑगस्ट

आज जळगावला वसतिगृहावर गेले होते. कशासाठी? 'माझा व्हिडिओ बघून प्रवेश मिळालेल्या मुली' असा व्हिडिओ करायला. स्वतःची आरती ओवाळून घ्यायला, सरळ म्हणायचं तर.

कार्यालयात अभिमन भाऊ म्हणून आहेत, अर्ज तेच घेतात. मी नाव सांगितलं तर चष्म्यावरून पाहिलं. "अच्छा, शेवटपर्यंतवाल्या तुम्हीच का? या, बसा. तुमच्या पोरी लगेच ओळखू येतात."

मला वाटलं कौतुक आहे. विचारलं, "कशा काय?"

"तारीख गेल्यावर येतात."

मी हसले. ते हसले नाहीत. कपाटावरची फाईल पुढे ओढली. "पहिल्या वर्षाचे नऊ अर्ज रद्द झाले यंदा, कागदच आला नाही. गेल्या वर्षी दोन होते. पाच जणींनी सांगितलं, व्हिडिओ पाहून भरला. मी पण पाहिला मग. तुम्ही सांगितलंय की बरोबर. अकराव्या मिनिटाला." मग शांतपणे म्हणाले, "मी इथे खिडकीवर एका वाक्यात सांगतो. माझ्याकडे अकरा मिनिटं नसतात, म्हणून असेल."

बाहेर बाकावर एक मुलगी आणि तिची आई. मुलीच्या मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेली प्रिंट, चुरगळू नये म्हणून खाली पुठ्ठा. मी अभिमन भाऊंशी बोलत असताना ती दारात येऊन उभी राहिली. "ताई? आवाजावरून वाटलंच मला."

प्राची. चोपड्याच्या पुढच्या गावची. बी.एस्सी.ला जळगावला नंबर लागलाय, यादीत नाव वरचं. वसतिगृहात नाही, कारण कागद तीन दिवसांत आला नाही. आज यादी बघायला आल्या तेव्हा कळलं, मग बाहेरच्या दुकानातून प्रिंट काढून आणली. प्रात्यक्षिकं सहाला सुटतात, तिच्या गावची शेवटची गाडी त्याआधी निघून जाते. वसतिगृह नाही म्हणजे कॉलेज नाही. हे सगळं तिने मला हिशेब समजावावा तसं सांगितलं, न रडता.

"व्हिडिओ पाहिला नव्हतास?" हे मी विचारलं. मी!

"पाहिला ना ताई. सातव्या मिनिटाला त्या दिवसाचं नेट संपलं. फॉर्मचे फोटो चढवण्यातच बरंच गेलं होतं. दुसऱ्या दिवशी माय फोन घेऊन केळीच्या कामावर गेली. संध्याकाळी तुम्हाला विचारलं. तुम्ही उत्तर दिलं, बदाम पण दिला. मी मैत्रिणींना दाखवला." थांबली. "मग शेवट राहूनच गेला. म्हटलं, यशस्वी तर आलंय. माझीच चूक आहे."

तिची आई, झुंबरबाई, चपला बाहेर काढून आत आली. कार्यालय आहे, देऊळ नाही, तरी. माझा हात हातात घेतला. "मॅडम, हाई पोर तुमना बिगर जेवे नही. मोबाईल लीसनच बसस. आते तुम्हीच सांगा सायबले."

मी अभिमन भाऊंना सांगितलं. त्यांनी जागांचा तक्ता दाखवला. पहिल्या वर्षाच्या भरलेल्या. वरच्या वर्गांची फेरी महिनाअखेरपर्यंत आहे, पण त्यात प्राची बसत नाही. "पुढच्या वर्षी बघू," म्हणाले. आवाज मऊ होता त्यांचा.

मग प्राचीने माझ्यासोबत फोटो काढला. झुंबरबाईने पदर सारखा केला आणि माझ्या दुसऱ्या बाजूला उभी राहिली. मी त्या फोटोत हसले आहे.

 'माझीच चूक' हे तिचं वाक्य तसंच बाकावर राहू दिलं आणि बस पकडली.

५ ऑगस्ट

त्या कॉमेंटकडे बघवत नाही. व्हिडिओ उघडते, पण खाली सरकवत नाही.

८ ऑगस्ट

आज माय निंदणीवरून आली. पाय धुताना सहज विचारलं, तुम्ही बाया शेतात माझे व्हिडिओ लावता का? हो म्हणाली. फोन एकीच्या ओटीत, आवाज मोठा, सगळ्या आपापल्या ओळीत वाकून ऐकतात. बघत कोणीच नाही. शिष्यवृत्तीचा सगळ्यांनी लावला होता, पोरं शाळेत आहेत म्हणून.

"कुठपर्यंत ऐकला?"

"तू तुनं नाव सांगस तठलोंग. मंग बंद. काम व्हई गयं, मंग ऐकाले काय ऱ्हायनं?"

म्हणजे बाविसावा सेकंद! त्या माझ्या नावावर उठत नव्हत्या. तारीख कळली होती, कागद कळले होते, म्हणून त्या उठत होत्या. पेटीतून दाखला काढायला उठत होत्या. ती पडलेली रेघ म्हणजे बायका घरी जाऊन कामाला लागल्या होत्या. आणि आताची ही आडवी, देखणी रेघ म्हणजे मुली बसून आहेत, कारण मी त्यांना अजून काही दिलेलं नाही.

इतिहासात पहिला वर्ग होता मला. एक रेघ वाचता आली नाही. मायने पाय पुसत वाचून दाखवली.

१० ऑगस्ट

सरळ उपाय काय? कॉमेंटमध्ये सर्वात वर एक ओळ लिहून ठेवायची — प्रिंट तीन दिवसांत. वरच्या वर्गांच्या मुली अजून अर्ज भरताहेत. ललित सरांना विचारलं. म्हणाले, "चालणाऱ्या गाडीचं चाक काढू नको. खाली माहितीत टाक." मी खाली माहितीत टाकलं. ती माहिती कोणीच उघडत नाही, हे त्यांनीच शिकवलं होतं.

कॉमेंटमध्ये वर लावायला गेले तर ते माझं उत्तर बघावं लागेल. एक कारण हे. दुसरं कारण रेघ. दोन्ही लिहून ठेवते. उद्या करते.

१३ ऑगस्ट

नाही केलं.

आणि एक विचित्र होतंय. पाच तारखेपासून रेघ खचते आहे. आधी अर्ध्या मुली दहाव्या मिनिटापर्यंत बसायच्या, आता जेमतेम पाव. बऱ्याच पहिल्या मिनिटातच जातात. सर म्हणतात, असं होतं कधी कधी, जुना झाला व्हिडिओ. आणि मला काय वाटलं? वाईट वाटलं! प्राचीचं कॉलेज गेलं तेव्हा जितकं वाटलं होतं, जवळजवळ तितकंच त्या रेघेसाठी. हे लिहिताना पेन थांबलं दोनदा. पण याच वहीत खोटं लिहिलं तर मग कुठे खरं लिहू?

१७ ऑगस्ट, रविवार

ललित सरांना फोनवर सगळं सांगितलं. प्राचीचं, उत्तराचं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हे कॅमेऱ्यासमोर बोल. रडू आलं तर दाबू नको. माफीचा व्हिडिओ लोक शेवटपर्यंत बघतात." वाईट हेतूने नाही बोलले. त्यांना खरंच तोच रस्ता माहीत आहे.

मला पटलं. सगळ्या मुलींपुढे कबूल करायचं, लाज काय ती एकदाची जाईल. दुपारी घरात कोणी नसताना विटेवर फोन ठेवला आणि बोलले. मनापासून बोलले. रडले. मग लावून पाहिलं.

सुरुवात अशी: "आज मी तुम्हाला माझ्या आयुष्यातली सर्वात मोठी चूक सांगणार आहे." मग माझं शिक्षण. मग आबांचे पेढे. मग जळगावचा तो बाक. आणि मी काय केलं ते सहाव्या मिनिटाला.

कोणी सांगितलं नव्हतं. आपोआप आलं तसं. कबुलीसुद्धा मी लपवून ठेवली, आणि मध्ये एकदा डोळे पुसून म्हणाले आहे — "पुढे सांगते."

पुसून टाकला. 

१९ ऑगस्ट

आबांशी बोलले. सगळं नाही, अर्धंच. म्हटलं, एखाद्याला वाईट गोष्ट सांगायची असेल तर कशी सुरुवात करायची?

 आबांनी त्यांच्या वडिलांचं सांगितलं. ते काम आमच्या घराकडे होतं, हे मला माहीत होतं, पण आबा कधी बोलत नाहीत त्यावर. गावात कोणी गेलं की पाहुण्यांच्या गावोगावी निरोप न्यायचा. पायी. उन्हात, चिखलात, सांगतील तेव्हा. नाही म्हणायची सोय नव्हती. लोक निरोप ऐकून घ्यायचे आणि पाणीसुद्धा वरून ओतायचे. पुढे आजोबांनी ते काम सोडलं, त्यासाठी मारही खाल्ला.

"काम सोडं, पण एक गोठ माले सांगीसन गयात," आबा म्हणाले. आजोबा दारात उभे राहिले की पहिलं वाक्य निरोपाचं असायचं. तहानेने जीव जात असला तरी. आधी बसलं, पाणी घेतलं, ख्यालीखुशाली केली, तर समोरचा माणूस तितका वेळ हसत राहतो, आणि नंतर त्याला त्या हसण्याची लाज वाटते. तेवढा वेळ आपण त्याचा चोरलेला असतो.

"पहिले निरोप, मंग पाणी," आबा म्हणाले.

माझा आजोबा शाळेची पायरी चढला नव्हता. निरोप त्याच्यावर लादलेला होता, आणि त्याने तो नीट दिला. मी हौसेने घेतला.

२१ ऑगस्ट

चोपड्याला जाऊन आले.

स्टँडवरून रिक्षाने पुढे. झुंबरबाईचं घर विचारलं तर एका म्हातारीने केळीच्या पॅकिंगकडे बोट दाखवलं — मायलेकी दोघी तिथेच असतात आता, म्हणाली. दोघी! पण प्राची घरीच सापडली, जेवायला आली होती. हातांना केळीच्या चिकाचे काळे डाग. मला पाहून तिचा चेहरा उजळला आणि ती आत वळली, पाणी आणायला.

मी उंबऱ्याबाहेरच होते. म्हटलं, "थांब. पाणी नको. मला प्रिंटचं माहीत होतं. तू विचारलंस तेव्हा मी 'प्रिंट' लिहिलं होतं आणि खोडलं. तुम्ही बघत राहाव्यात म्हणून. चूक तुझी नाही, माझी आहे."

नऊ सेकंद लागले असतील.

 ती म्हणाली, "माहीत आहे ताई."

"कसं?"

"जळगावहून आल्यावर रिचार्ज केला. पूर्ण पाहिला, अकराव्या मिनिटापर्यंत." ओढणीच्या टोकाने हाताचा चीक पुसत होती, तो निघत नव्हता. "सुरुवातीलाच तुम्ही म्हणता ना, एक चूक आहे म्हणून. म्हणजे माहीत होतं तर. मी विचारलं होतं तेव्हा पण."

"राग आला?"

"आला होता." एवढंच. मग आत बघून हळू आवाजात, "मायले नका सांगू. ती अजून सगळ्यांना तुमचं सांगते. तिला वाईट वाटेल."

मला ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने पाणी आणलं. मी प्यायले. चोपड्याच्या कॉलेजात अजून जागा आहेत का, याची चौकशी मी उद्याच करते म्हटलं. बी.ए.ला तरी. "विज्ञान नाही का तिथे?" तिने विचारलं. म्हटलं, तेही विचारते. "विचारा," म्हणाली, आणि घड्याळ बघितलं, सुट्टी संपत आली होती.

निघताना तिने विचारलं, "ताई, तुम्ही कॉमेंट वाचत नाही का आता?"

नाही म्हटलं. ती पॅकिंगकडे निघाली.

२२ ऑगस्ट

सकाळी चोपड्याच्या कॉलेजला फोन लावला. विज्ञानाच्या चार जागा आहेत, सोमवारपर्यंत. प्राचीला तेवढंच कळवलं, तारीख पहिली.

मग व्हिडिओ काढून टाकायला उघडला, आणि खाली सरकवलं. अठरा दिवसांनी.

सर्वात वर प्राचीची कॉमेंट आहे. पाच ऑगस्टची. सातशेवर मुलींनी पसंत केलेली. "सबमिट झाल्यावर प्रिंट काढून सही करून ३ दिवसांत वसतिगृहावर द्या, नाहीतर रद्द होतो. पुढचं नाही बघितलं तरी चालेल." त्याखाली मुलींची रांग. दिली. आजच दिली. वाचले मी, उद्या शेवटचा दिवस होता. थँक्यू प्राची ताई. प्राची ताई, सही पालकांची पण लागते का? आणि प्रत्येकीला तिचं उत्तर, त्याच दिवशी, कधी पहाटे, कधी पॅकिंगच्या जेवणाच्या सुट्टीत.

पाच तारखेपासून माझी रेघ खचत होती ती इथे. मुली येत होत्या, तिची ओळ वाचत होत्या, उठून जात होत्या.

मनातल्या मनात वाचून पाहिली. चार सेकंद लागतात.